ताप गेला, दुखणे राहिले



मार्गशीर्षातल्या एका सकाळी माझ्या दवाखान्यात एक सासू आणि सून आल्या. सासूबाई पुढे, सूनबाई मागे. बाकावर टेकण्याच्या आधीच सासूबाईंनी आपली फिर्याद मांडली.

"डॉक्टरसाहेब, श्रावणात आमच्या घरात चौघांना ताप आला. मला आला, हिच्या सासऱ्यांना आला, पोराला आला, हिलाबी आला. आम्ही तिघं पंधरा दिसांत उठून कामाला लागलो. हिला चार महिनं झालं, अजून कपडे पिळता येत न्हाईत म्हणती. रक्त तपासलं, फोटू काढला, समदं चांगलं हाय म्हणून सांगितलं. आता तुम्हीच सांगा, ह्याला दुखणं म्हणायचं का सोंग?"

सूनबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांना मी म्हटले, "ताई, जरा मूठ मिटून दाखवा बरं." त्यांनी उजव्या हाताची बोटे वळवली. ती अर्ध्यावरच थांबली. घड्याळात साडेनऊ वाजले होते. मी विचारले, "पूर्ण मूठ केव्हा मिटते?" त्या हळूच म्हणाल्या, "दुपार कलल्यावर. सकाळी धारंला बसले तर बोटं म्हशीच्या सडाला लागत न्हाईत, तिलाबी कळतं, ती लाथ झाडते."

म्हशीला कळले ते घरातल्या माणसांना का कळू नये, असे तेव्हा माझ्या तोंडावर आले होते. पण बोललो नाही, कारण सासूबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. एकाच घरात, एकाच आठवड्यात, एकाच डासाने चौघांना पाडले. तिघे उठले आणि चौथी उठली नाही. तपासणीचे कागद म्हणतात, काही नाही. मग साध्या माणसाने काय समजावे?

आज या प्रश्नाविषयीच मला तुमच्याशी बोलायचे आहे. ताप जातो आणि दुखणे मागे राहते, आणि ते दुखणे दाखवता येत नाही. हाड मोडले तर प्लास्टर दिसते, कांजिण्या आल्या तर पुटकुळ्या दिसतात. ह्या दुखण्याला मात्र साक्षीदार नसतो.

चौघांना झालेला तो ताप चिकुनगुन्याचा होता. आपण सर्वजण त्याला चिकनगुनिया म्हणतो. २००६ साली हे नाव जेव्हा खेडोपाडी पोहोचले, तेव्हा पुष्कळांनी कोंबडी खायचे सोडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांवर बर्ड फ्लूची साथ आली होती, त्यामुळे लोकांचा समज अधिकच पक्का झाला. पण या नावाचा चिकनशी काही संबंध नाही. हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंदे लोकांच्या भाषेतला आहे. आज ज्याला टांझानिया म्हणतात त्या देशाच्या दक्षिणेला मकोंदे पठार आहे. तिथे १९५२-५३ साली या तापाची साथ आली आणि रोगाची पहिली नीट नोंद झाली. माणसाला वाकवून टाकणारा, अशा अर्थाचा तो शब्द आहे. सांध्यांच्या दुखण्याने कमरेत वाकून चालणारी माणसे पाहून त्या लोकांनी रोगाला नाव दिले. म्हणजे पाहा, नाव देणाऱ्यांनी तापाचे नाव ठेवले नाही, दुखण्याचे ठेवले. त्यांना या रोगाचे मर्म अचूक कळले होते.

आपल्या देशात हा रोग १९६३ साली कलकत्त्यात दिसला. मग मद्रासकडे गेला, नागपूरला आला. १९७३ साली आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला त्याची मोठी साथ झाली. तिथे जी पाहणी झाली तीत तिघांत एकाहून अधिक लोकांना हा आजार झाल्याचे आढळले. आणि मग काय नवल झाले म्हणता? हा रोग आपल्याकडून जवळजवळ नाहीसाच झाला. तीस-बत्तीस वर्षे त्याचे नाव कोणी काढले नाही. डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हा रोग न पाहताच शिकून तयार झाली. २००५ च्या अखेरीस तो पुन्हा आला आणि २००६ मध्ये कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र असा पसरत गेला. त्या एका वर्षात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. नोंद न झालेले किती, ते ज्याने त्याने आपल्या गावावरून ताडावे. त्या वर्षी मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्रात अशी गावे होती की, सकाळी पारावर जमणारी माणसे भिंतीला धरून धरून येत होती. त्यानंतर हा रोग आपल्याकडून गेलेला नाही. कमी-जास्त प्रमाणात दर पावसाळ्यात येतच आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. तिघे बरे झाले, चौथी का नाही?

चिकुनगुन्या हा विषाणूचा रोग आहे. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडीस जातीचा डास हा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. अंगात शिरल्यावर चार-सहा दिवसांत एकाएकी जोराचा ताप भरतो, सांधे धरतात, अंगावर पुरळ उठते. आठवडाभरात ताप उतरतो आणि रक्तातला विषाणू नाहीसा होतो. बहुतेकांचे सांधे दोन-तीन आठवड्यांत सुटतात. पण काहींचे सुटत नाहीत. कोणाचे तीन महिने, कोणाचे वर्ष, कोणाचे त्याहूनही अधिक. हिंदी महासागरात रेयुनियन नावाचे एक बेट आहे. २००५-०६ मध्ये तिथल्या एकतृतीयांशाहून अधिक लोकांना हा रोग झाला. तिथल्या डॉक्टरांनी मग रुग्णांच्या पाठोपाठ वर्षानुवर्षे चौकशी केली, आणि वर्ष-दोन वर्षांनंतरही पुष्कळांचे सांधे दुखतच असल्याचे त्यांना दिसले. ती माणसे काही आपल्या सूनबाईंच्या ओळखीची नव्हती. त्यांची भाषा वेगळी, खाणे वेगळे, सासवा वेगळ्या. दुखणे मात्र तेच. मनगटे, बोटे, घोटे, गुडघे, सकाळी ताठरपणा, आणि काम करून उरत नाही असा थकवा.

हे का होते, त्याचा उलगडा पुरता झालेला नाही, पण बराच झाला आहे. आपल्या अंगात रोगाशी झुंजणारी एक राखण असते. रात्री शेतात चोर शिरला म्हणजे गावकरी काठ्या घेऊन धावतात. चोर पळून जातो. पण अंधारात कोणाला ठाऊक? गावकरी धावतच राहतात, आणि चोराने खाल्ले नसेल त्याहून अधिक पीक त्यांच्या पायांखाली तुडवले जाते. सांध्याच्या आत एक नाजूक अस्तर असते. त्या अस्तरात ही धावपळ चालू राहते. अस्तर सुजते, त्यात पाणी धरते, सांधा आखडतो. काही रुग्णांच्या अस्तरात तर विषाणूचे अवशेष महिनोन्‌महिने पडून राहिलेले सापडले आहेत. चोर गेला, पण त्याचा फेटा बांधावर पडून राहिला आणि तो पाहून राखणदार पुन्हा पुन्हा ओरडू लागले, असा काहीसा तो प्रकार असतो.

आणि फोटो? हाडाचा फोटो जो आपण काढतो त्यात हाड दिसते. अस्तराची सूज त्यात दिसत नाही. संधिवाताच्या म्हणून ज्या रक्ताच्या तपासण्या असतात त्या संधिवाताच्या एका विशिष्ट जातीसाठी आहेत. चिकुनगुन्यानंतरच्या बहुतेक रुग्णांत त्या निर्दोषच येतात. म्हणून "रिपोर्ट चांगला आहे" याचा अर्थ एवढाच की, आपण जे शोधत होतो ते सापडले नाही. विहिरीत बादली सोडली आणि पाणी लागले नाही, तर दोर आखूड असेल असेही माणसाने म्हणावे की नाही?

कोणाचे दुखणे लांबेल याचाही थोडाफार अंदाज आता येतो. वय चाळिशी-पंचेचाळिशीच्या पुढे असणे, आधीपासून सांध्यांचा विकार असणे, पहिल्या आठवड्यातले दुखणे फार कडक असणे, मधुमेह असणे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक आढळते. आमच्या सूनबाई काही चाळिशीच्या नव्हत्या. पण तापाच्या पाचव्या दिवशी त्या विहिरीवर होत्या. नियम हे ठोकळ्यासाठी असतात. एकट्या माणसाला ते लागू पडतीलच असे नाही.

या ठिकाणी मला थोडे लांबचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री नावाच्या रुग्णालयात एक विचित्र साथ आली. आजारी पडले ते मुख्यतः रुग्ण नव्हेत, तर तिथले डॉक्टर, परिचारिका आणि इतर नोकरमंडळी. जवळजवळ तीनशे जण. रुग्णालय काही आठवडे बंद ठेवावे लागले. बरेच जण बरे झाले, पण काहींना कमालीचा थकवा, स्नायूंचे दुखणे आणि लक्ष न लागणे हे त्रास वर्षानुवर्षे राहिले. कारण काही सापडले नाही. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मनोविकारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे वाचून निष्कर्ष काढला की, हा सामुदायिक उन्माद असावा. आजारी पडलेल्यांत बायका अधिक होत्या, हेही त्यांनी आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी दिले. आजाऱ्यांना त्यांनी स्वतः तपासले नव्हते. लंडनसारखे शहर, आणि आजारी कोण, तर स्वतः डॉक्टर आणि परिचारिका. त्यांच्याही शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही, तिथे आपल्या सूनबाईंची काय कथा! या जातीच्या थकव्याच्या आजाराचा प्रश्न पुढे कित्येक वर्षे लोंबकळत पडला. २०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या समितीने सारा पुरावा तपासून सांगितले की, हा खरा आणि गंभीर शारीरिक आजार आहे.

आणि मग २०२० साल उजाडले. कोविडच्या साथीतून उठलेली हजारो माणसे सांगू लागली की, ताप जाऊन तीन महिने झाले, पण दोन जिने चढवत नाहीत, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत, रात्री छाती धडधडते. या वेळी सांगणारे सगळ्या देशांतले आणि सगळ्या थरांतले होते, म्हणून ऐकावे लागले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या मागे राहणाऱ्या आजाराची व्याख्याच करून टाकली. आजार झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांनी जी लक्षणे असतात, निदान दोन महिने टिकतात आणि ज्यांचा दुसऱ्या कोणत्या रोगाने उलगडा होत नाही, ती ही लक्षणे. व्याख्या झाली म्हणजे दुखणे कमी झाले असे नव्हे. पण डॉक्टरच्या समोर बसलेल्या माणसाला "तुम्हाला काही झालेले नाही" असे सांगणे त्यामुळे अवघड झाले, हे काय थोडे आहे?

असो. लंडनहून आपल्या गावी येऊ. दुखणे खरे आहे हे मानले, तर पुढे करायचे काय?

पहिली गोष्ट, दुसरे काही नाही ना, हे पाहून घ्यायचे. सगळीच सांधेदुखी काही चिकुनगुन्याची नसते आणि सगळाच थकवा तापानंतरचा नसतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या रक्तात लोहच नसते. कोणाच्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावलेले असते. त्यानेही अंग जड होते, सांधे दुखतात, केस गळतात, थंडी सोसत नाही. मधुमेह असतो. संध्याकाळी कणकण, खोकला आणि वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. चिकुनगुन्या झाला होता की नाही हेही रक्तावरून कळते. ती तपासणी करणारी किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते आणि सरकारी प्रयोगशाळांना पुरवते. ही संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, म्हणजे मकोंदे पठारावर साथ आली त्याच साली. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना विचारा. नमुना कुठे पाठवायचा ते त्या सांगतील.

एखादा एकच सांधा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप भरला, किंवा पायाला मुंग्या येऊन बळ जाऊ लागले, तर मात्र वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

दुसरी गोष्ट मी जरा जोर देऊन सांगणार आहे, कारण तिने माझ्या डोळ्यांदेखत माणसांचे नुकसान केले आहे. ती म्हणजे बाजारात मिळणारी सांधेदुखीची पुडी. आठवडी बाजारात, एस.टी. स्टँडवर, कुठल्याशा दूरच्या गावच्या "हमखास गुण" देणाऱ्या माणसाकडे ही मिळते. कागदात बांधलेली, नाव नसलेली. एक पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस धावायला लागतो. सहा महिने न उठलेला माणूस उठतो, मग गावात बोलबाला होतो. ही जादू बहुतेक वेळा स्टिरॉईड नावाच्या औषधाची असते. स्टिरॉईड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोग्याला, योग्य मापात, योग्य दिवस दिले तर ते प्राण वाचवते. पण पुडीत ते किती आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. महिनोन्‌महिने घेतले की चेहरा गोल सुजल्यासारखा होतो, पोट सुटते, दंडाची कातडी पातळ होते. लोक म्हणतात, "अंग भरलं, औषध मानवलं!" आत मात्र साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि दबलेला क्षय असेल तर तो डोके वर काढतो.

आणि आता नीट ऐका. ज्यांनी अशी पुडी बरेच दिवस घेतली आहे त्यांनी माझे बोलणे ऐकून आज रात्री ती एकदम फेकून देऊ नये. शरीराला बाहेरून स्टिरॉईड मिळत राहिले की शरीर आपले स्वतःचे तयार करायचे थांबवते. एकदम बंद केले तर माणूस गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब उतरून जिवावर बेतू शकते. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, लाजू नका, ती त्यांना दाखवा. ते हळूहळू उतरवून बंद करतील.

मग खरे औषध कोणते? पहिल्या तापात विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल. सांधे दुखतात म्हणून दुकानातून इतर कडक वेदनाशामक गोळ्या आपण होऊन घेऊ नयेत. कारण तोच डास डेंग्यूही देतो, सुरुवातीला दोन्ही ताप सारखे दिसतात, आणि डेंग्यूत त्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे ठरल्यावर डॉक्टर सूज उतरवणाऱ्या गोळ्या काही दिवस देतात. तीन महिन्यांनंतरही सूज हटत नसेल तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावे लागते. त्यांच्याजवळ आणखी औषधे आहेत. त्यांतले मेथोट्रेक्सेट नावाचे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. इतर गोळ्यांच्या सवयीने ते रोज घेतल्याने प्राणावर बेतल्याची उदाहरणे आहेत. घरात कोणाला ते चालू असेल तर घेण्याचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. गुरुजी, ज्यांना वाचता येत नाही अशांना तो वार तुम्ही समजावून सांगितलात तर मोठे काम होईल.

औषधाइतकेच काम रोजच्या हालचालीचे. सकाळी उठल्याबरोबर दोन्ही हात सोसवेल इतक्या कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत आणि पाण्यातच मूठ मिटावी, उघडावी. घोटे गोल फिरवावेत. सांधा अजिबात हलवला नाही तर आखडतो, आणि अंगावर काढून काम केले तर सुजतो. ह्या दोहोंमधली वाट ज्याची त्याने शोधायची. काहींना तापानंतर असा थकवा राहतो की, एक दिवस बरे वाटले म्हणून काम उपसले तर पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. अशांनी बरे वाटत असतानाच काम थांबवायला शिकले पाहिजे. शेतकरी माणसाला हे पथ्य फार कठीण जाते, हे मी जाणतो. वाफसा आला की माणूस थांबत नाही. पण एका सरीचे काम तीन तुकड्यांत केले तर ते होते. एका दमात केले तर माणूसच पडतो.

घरात थोडे फेरफार करता येतात. जमिनीवर बसून भाकरी थापण्याऐवजी शेगडी उंचावर घ्यावी. पाण्याची कळशी भरून आणण्याऐवजी अर्धी भरून दोनदा आणावी. कपडे पिळू नयेत, तसेच निथळत दोरीवर टाकावेत. वाळायला उशीर लागेल, लागू द्या. उकिडवे बसणे जमत नसेल तर संडासासाठी मधे भोक पाडलेली साधी खुर्ची सुतार करून देतो. म्हाताऱ्या माणसांना याचा फार आधार वाटतो, पण संकोचाने ती मागत नाहीत. मुलांनी ते आपण होऊन ओळखावे.

आणि एक वही. सूनबाईंना मी मुलाच्या शाळेतली एक कोरी वही मागून घ्यायला सांगितली. रोज एकच ओळ लिहायची. तारीख, कोणता सांधा दुखला, आणि मूठ किती वाजता मिटली. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, त्यामुळे लिहिण्याची अडचण नव्हती. महिन्याने वही आणली तेव्हा मला कळले ते मी दहा प्रश्न विचारून कळले नसते. सकाळचा ताठरपणा तासाभराच्या वर टिकतो तेव्हा तो बहुधा सुजेचा असतो, नुसत्या श्रमाचा नव्हे. बाजाराच्या दिवशी, म्हणजे दर सोमवारी, घरी पाहुणे असत, आणि मंगळवारी मूठ बारा वाजेपर्यंत मिटत नसे. मी ती पाने सासूबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंगळवारी मी धार काढीन."

इतके बोलून त्या उठल्या. सोंगाचा विषय पुन्हा निघाला नाही. दुखणे त्या दिवशी तसेच होते, पुढेही सात-आठ महिने राहिले. मात्र कमी होत गेले. बहुतेकांचे तसेच होते, हे ज्यांचे दुखणे आज चालू आहे त्यांनी ध्यानात ठेवावे. आणखी एक दिलासा असा की, हा ताप एकदा येऊन गेलेल्याला सहसा पुन्हा येत नाही. मागे राहिलेले दुखणे उसळले म्हणजे नवा ताप लागला, असे समजून घाबरू नये.

शिक्षक मंडळींशी दोन शब्द बोलतो. मला एक गुरुजी ठाऊक आहेत. चिकुनगुन्यानंतर त्यांच्या बोटांत खडू राहत नसे. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की हात खाली यायचा. शाळेत कुजबूज सुरू झाली की, गुरुजी काम टाळतात. रजेसाठी दाखला मागितला तर तपासणीचे कागद निर्दोष, मग दाखला कसा मिळणार? शेवटी वर्गातल्या मुलांनीच तोड काढली. गुरुजी सांगत, आणि पाळीपाळीने एकेक मुलगा फळ्यावर लिही. मुलांचे अक्षर सुधारले, ही गोष्ट मुख्याध्यापकांच्या ध्यानात आली आणि कुजबूज आपोआप थांबली. पण ती तोड निघेपर्यंतचे तीन महिने त्या माणसाने कसे काढले ते त्यालाच माहीत. तुमच्या सहकाऱ्यांत, तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी असा कोणी असेल. एखादी मुलगी एकाएकी गैरहजर राहू लागली तर घरी आईचे हात चालत नाहीत म्हणून पाणी भरायला ती थांबत नाही ना, हे विचारावे.

मुलांकडून आणखी एक काम होण्यासारखे आहे, आणि ते त्यांच्याइतके चांगले कोणी करीत नाही. हा डास गटारात वाढत नाही. तो आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. रांजणात, हौदात, गुरांच्या डोणीत, कुंडीखालच्या ताटलीत, छपरावर दगड म्हणून टाकलेल्या जुन्या टायरात. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते तिथे साठवणे भाग असते. लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण अंड्यापासून डास होऊन उडायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे करून कोरडे केले तर डास उडण्याच्या आधीच संपतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नारळाच्या काथ्याने कडा घासून काढावी लागते. ओतता न येणारा हौद असेल तर त्यावर फडके घट्ट बांधावे, किंवा आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडावेत.

पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर दिसतात. एका शाळेत गुरुजींनी शुक्रवारचा दिवस ठरवला होता. प्रत्येक मुलाने आपल्या घरातली आणि शेजारच्या एका घरातली भांडी पाहून यायची आणि शनिवारी सकाळच्या शाळेत सांगायचे. पहिल्या शनिवारी अळ्या सर्वांत जास्त कुठे सापडल्या म्हणाल, तर शाळेच्याच पिण्याच्या पाण्याच्या टाकीत. गुरुजींनी स्वतः आत उतरून ती घासली.